पावती फाडली, पुढे काय?

जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी सकाळी डहाणू रोडच्या फलाटावर जरा थांबून बघा. २०१३ साली चर्चगेटची लोकल इथवर यायला लागली आणि दानधर्म करणाऱ्यांची मोठीच सोय झाली. गाडीतून खोकी उतरतात. वह्या, कंपासपेट्या, स्वेटर, चपला, सगळं गाठोड्यात बांधलेलं. बाहेर सहाआसनी तयार असते. दुपारपर्यंत पाड्यावर वाटप, मग फोटो, मग कुणाच्या तरी ओट्यावर जेवण, आणि परतीच्या वाटेवर घोलवडचे चिकू. निघता निघता कुणाला तरी वाटतं, थोडे पैसेही देऊ या. संस्थेचा पोरगा पिशवीतून पावतीपुस्तक काढतो, कार्बन सरळ करतो आणि पावती फाडतो.

दाता रात्री बोरिवलीला आपल्या घरी झोपतो. इकडे त्या पैशाचा प्रवास सुरू होतो.

डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या पोरांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचा मी सहा वर्षं खजिनदार होतो. खजिनदार कसला, खजिना म्हणजे कुलूप न लागणारं एक कपाट. पण त्या सहा वर्षांत देणगीच्या पैशाबद्दल जे काही कळलं, ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. त्यातल्याच या काही चीजा.

एक संस्था, दोन जन्मदाखले

सात डोकी जमवा, घटना लिहा, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी करा. झाली संस्था? नाही. महाराष्ट्रात तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. म्हणजे पोर एक आणि जन्मदाखले दोन. पहिला कायदा १८५७ च्या बंडाच्या धुरळ्यातला, दुसरा प्रजासत्ताक झालं त्या वर्षीचा. आपली वार्षिक सभा या दोन काळांच्या मधोमध सतरंजी टाकून बसते.

संस्थेच्या नोंदणी क्रमांकाच्या आधी एक इंग्रजी अक्षर असतं. ‘ए’ म्हणजे हिंदूंसाठीचा न्यास, ‘बी’ मुस्लिमांसाठीचा, ‘सी’ पारशांसाठीचा, आणि ‘एफ’ म्हणजे सोसायटी कायद्यातून आलेली संस्था. पावतीपुस्तकावर ‘एफ’ दिसला की समजायचं, इथे निवडणूक होते, ठराव होतात आणि चहावर भांडणंही होतात.

तलासरी तालुका एवढासा, पण इथे लाल झेंड्याच्या आदिवासी प्रगती मंडळाचं गोदावरी परुळेकरांच्या नावाचं कॉलेज आहे, भगव्या विचारांच्या वनवासी कल्याण केंद्राचं वसतिगृह आहे आणि जेझुइट पाद्र्यांचं ज्ञानमाता सदनही आहे. एकमेकांचं तोंड न बघणारे लोक. पण पोरांना शिकवायचं आणि त्यासाठी पै-पैचा हिशेब ठेवायचा, यात कुणाची सुटका नाही. ३१ मार्चची तारीख मार्क्सला, मारुतीला आणि मारियेला सारखीच.

शेअर? नाव काढू नका

नवीन विश्वस्त आला की पहिल्याच बैठकीत विचारतो, “एवढे पैसे बँकेत का सडवता? म्युच्युअल फंड, शेअर काही बघा की.” मग त्याला दोन चाळण्यांची गोष्ट सांगावी लागते.

पहिली चाळणी धर्मादाय आयुक्तांची. शिल्लक पैसा शेड्यूल्ड बँकेत, टपाल बचत बँकेत, शासनमान्य सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत. बाकी काही करायचं तर परवानगी काढा. गंमत म्हणजे याच कलमात जमिनीच्या पहिल्या गहाणावर पैसे लावायलाही वाट ठेवली आहे, जमिनीची किंमत कर्जाच्या दीडपट हवी एवढंच. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अजून सावकारी जमाना होता, हे त्या एका ओळीत दिसतं.

दुसरी चाळणी आयकराची. तिची यादी जरा लांब आहे. पोस्टाची सर्टिफिकिटं, मुदत ठेवी, सरकारी रोखे, युनिट ट्रस्ट, म्युच्युअल फंडाची युनिटं, स्थावर मालमत्ता. कंपनीचे शेअर सरळ बाजारातून घेणं मात्र यादीत नाही. कुणी दाता भावनेच्या भरात शेअर देऊन गेला तर ज्या आर्थिक वर्षात ते आले त्या वर्षाच्या अखेरीपासून वर्षभरात विकून पैसे यादीतल्या जागी लावायचे. सोन्याच्या बांगडीलाही हाच नियम. साताऱ्याला भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. तेव्हा हा नियम नव्हता. पोरं उपाशी होती, तेवढं कारण त्यांना पुरलं.

मग टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर टाटा ट्रस्टांकडे कसे, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत एक तरी हुशार माणूस विचारतोच. उत्तर तारखेत आहे. १ जून १९७३ रोजी जे शेअर न्यासाच्या मूळ निधीत आधीपासून होते त्यांना कायद्यानं सूट ठेवली. आपल्या संस्थेची स्थापना त्यानंतरची. बसा खाली.

स्थावर मालमत्ता यादीत आहे म्हणून “चला, तलासरीत जागा घेऊन टाकू” म्हणणाराही भेटतो. हा सगळा अनुसूचित क्षेत्राचा भाग. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर जायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पूर्वी इथल्या जमिनी कशा गेल्या हे ज्याला ठाऊक आहे त्याला या अटीचा राग येत नाही. आमची संस्था शेवटपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली आणि त्यात आमचं काही बिघडलं नाही.

आणि कर्ज? विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज काढायचं तरी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आपल्याकडे लग्नासाठी सावकाराकडे जाणं सोपं, संस्थेसाठी अवघड. हे मला फार आवडतं.

गुप्तदान महागात पडतं

या हाताचं त्या हाताला कळू नये असं दान श्रेष्ठ, हे आजीपासून ऐकत आलोय. आयकर खात्याची आजी वेगळी असावी.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्र पौर्णिमेला भरते. देवीच्या पेटीत कुणी नाव न सांगता पाचशेची नोट टाकली तर निव्वळ धार्मिक संस्थेला त्याचा त्रास नाही. तीच नोट, तोच माणूस, पण पेटी पोरांच्या शिक्षणाच्या संस्थेची असेल तर ती ‘निनावी देणगी’. अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातल्या मोठ्या आकड्यापर्यंत चालतात. त्यावरच्या रकमेवर ३० टक्के कर. देवी निनावी घेऊ शकते, विद्या नाही.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक दरवर्षी यायचे. “नाव नका लिहू हो,” म्हणायचे. मी म्हणायचो, “गुरुजी, नाव, पत्ता आणि पॅन.” शेवटी तडजोड झाली. पावतीवर नाव, फलकावर नाही.

रोख देणगीचंही असंच. २,००० रुपयांवर रोख दिली की दात्याला करसवलत नाही. त्यामुळे पावतीपुस्तक चाळलं तर पानामागून पान २,००० चंच. तरी ज्या सवलतीसाठी ही सगळी धडपड, ती नवी कररचना निवडणाऱ्याला मिळतच नाही. कायदा नवा आला, कलमांचे आकडे बदलले. पण इथले दाते अजून दारातून आत येतानाच विचारतात, “ऐंशी-जी आहे ना?” हे आता कलम राहिलेलं नाही, ती विचारपूस झाली आहे. जेवलात का, तसं.

मार्चमधले स्वेटर

तलासरीत एका मार्चमध्ये, भर दुपारी, पळसाखाली बसून पोरांना स्वेटर वाटलेले मी पाहिले आहेत. कुठल्या तरी कंपनीचं बजेट संपायचं होतं. पोरं घामानं निथळत फोटोला उभी.

याचं मूळ वर्षअखेरीत आहे. धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी कामावर खर्चावे लागतात. १५ टक्के बिनशर्त बाजूला टाकता येतात. त्याहून जास्त साठवायचं तर कशासाठी ते आधी लिहून द्यायचं आणि पाच वर्षांत त्याच कामावर खर्चायचं. हेतू चांगला आहे. दानाचा पैसा दाबून बसू नये. पण ज्याला हिशेब जमत नाही तो फेब्रुवारीत घाबरतो आणि मार्चमध्ये स्वेटर घेतो.

ज्याला जमतो तो जूनमध्येच ठराव करतो: अमुक पोरींच्या नर्सिंगच्या तीन वर्षांच्या फीसाठी एवढी रक्कम राखून ठेवत आहोत. एका कागदाचं काम. त्या कागदाचा फोटो कुणी काढत नाही, तो छापूनही येत नाही.

कंपन्यांच्या पैशाची आणखी एक गंमत. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यातलं एक जरी असेल तर गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर, असा २०१३ चा कंपनी कायदा म्हणतो. आणि आपल्या आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्या, असंही म्हणतो. आता डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झालेला. इथे मोठे कारखाने यायला बंधन. तलासरीची पोरं बसनं कामाला जातात ती वापी-उंबरगावला, म्हणजे राज्याच्या हद्दीपलीकडे. मजूर इकडचा, कारखाना तिकडचा. कारखान्याचा ‘आजूबाजूचा भाग’ अच्छाडच्या नाक्याशी थांबतो की पोरांच्या घरापर्यंत येतो, हे विचारायला आम्ही तीन वेळा गेलो. दोनदा चहा मिळाला. तिसऱ्यांदा चाळीस सायकली.

चिकू खा, झाड तोडू नका

देणगी दोन प्रकारची. एक येते आणि खर्च होते. दुसरी येते आणि बसते, तिचं फक्त व्याज खायचं. ही दुसरी म्हणजे कायम निधी. दात्यानं लेखी सांगावं लागतं की ही रक्कम कायम निधीसाठी. तोंडी चालत नाही.

घोलवड-बोर्डीकडच्या माणसाला हे समजवायला दोन मिनिटं लागत नाहीत. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. पहिली काही वर्षं पाणी घालत बसायचं, हाती काही नाही. मग झाड लागतं ते नातवंडांपर्यंत. कायम निधी म्हणजे वाडी. चिकू खा, झाड तोडू नका.

महाराष्ट्रातलं याचं सगळ्यांत देखणं उदाहरण १९२० चं. सर विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाखांचं दान दिलं. त्याचं वर्षाचं व्याज ५२,५०० रुपये. भागाकार करून बघा, साडेतीन टक्के होतात. बदल्यात विद्यापीठाला आईचं नाव, नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज लाखो मुली ‘एसएनडीटी’ म्हणतात तेव्हा त्या चार अक्षरांत एका मुलानं आईसाठी लावलेली रक्कमच उच्चारत असतात.

नाव देऊन दान घ्यायची रीत आमच्या बोर्डीतही जुनी. गोखले एज्युकेशन सोसायटीचं इथलं हायस्कूल १९२० चं, आणि नाव सुनाबाई पेस्तनजी हकीमजी. पारशी नाव, मराठी मास्तर, आणि बाकावर मांगेला, वारली, बारी, सगळे.

व्याजाचे पैसे कुठे पोहोचतात त्याचा एक मजेदार किस्सा. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळायची. १९१२ साली ती रोह्याकडच्या एका पोरानं पटकावली. तो पोरगा पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. चिंतामणराव देशमुख. ठेवीच्या व्याजातून बक्षीस घेणारा देशाच्या व्याजदराच्या खुर्चीत जाऊन बसला.

पण वाडीला वाळवीही लागते. तिचं नाव महागाई. सात टक्क्यांनी एक लाखावर वर्षाला सात हजार. हा आकडा पुढची वीस वर्षं तोच राहतो, वसतिगृहातलं जेवण मात्र थांबत नाही. सगळं व्याज खाल्लं की निधी आकड्यानं तेवढाच आणि मोलानं अर्धा. म्हणून शहाणी संस्था व्याजातला एक वाटा परत मुद्दलात टाकते. आमच्या बैठकीत हा ठराव मी तीन वर्षं मांडला आणि तीनही वर्षं पडला. कारण समोर फी न भरलेली पोरगी असते आणि महागाई काही बैठकीला येत नाही.

हा घोळ थोरामोठ्यांनाही चुकला नाही. आल्फ्रेड नोबेलनं सुमारे ३ कोटी १० लाख क्रोनर मागे ठेवले, गुंतवणुकीची अट एकच, पैसा सुरक्षित रोख्यांत. रोखे सुरक्षित राहिले, पारितोषिक आटत गेलं. शेवटी १९५३ मध्ये स्वीडनच्या सरकारनं शेअरांतही पैसे घालायची मुभा दिली.

दोनशे वर्षांची भिशी

तरुणांसाठीच्या निधीचा जगातला सर्वांत लांबलचक प्रयोग बेंजामिन फ्रँकलिनचा. १७९० मध्ये तो वारला. मृत्युपत्रात बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी १,००० पौंड. ते खर्चायचे नाहीत. पंचविशीच्या आतल्या, लग्न झालेल्या, उमेदवारी पुरी केलेल्या कारागीर पोरांना धंद्यासाठी ५ टक्क्यांनी उसने द्यायचे. परतफेड दहा वार्षिक हप्त्यांत. आणि दोन जामीनदार हवेत! आमच्या पतपेढीचा अर्ज फ्रँकलिननं लिहिला असावा असा मला दाट संशय आहे. शंभर वर्षांनी काही रक्कम शहरासाठी काढायची, उरलेली पुन्हा शंभर वर्षं फिरवायची.

१९९० ला मुदत संपली तेव्हा सुरुवात सारखी असूनही बोस्टनच्या हाती फिलाडेल्फियाच्या दुपटीहून जास्त निघाले. ५० लाख डॉलरांच्या आसपास इकडे, २० लाखांच्या आसपास तिकडे. दाता एक, नियम एक. फरक पडला तो सांभाळणाऱ्यांत.

आपल्याकडे जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये असंच काहीसं केलं. परदेशी शिकायला जाणाऱ्या तरुणांना बक्षीस नव्हे, कर्ज-शिष्यवृत्ती. शिका, कमवा, फेडा, म्हणजे पुढचा जाईल. के. आर. नारायणन या पैशांवर लंडनला गेले, जयंत नारळीकर केंब्रिजला. फुकट दिलं की घेणारा आभार मानून संपतो. उसनं दिलं की तो रांगेतला एक होतो. आम्हीही हे करून पाहिलं, एका पोराला ड्रायव्हिंग लायसन्ससाठी चार हजार. त्यानं चार वर्षांनी फेडले, शंभर-शंभरच्या नोटांत, आणि व्याज म्हणून बोंबलाची एक जुडी. जुडीची पावती फाडली नाही, कबूल करतो.

चार पायल्या भात

एकदा सायवनकडच्या पाड्यावरची एक आजी कार्यालयात आली. डोक्यावर टोपली. नातीला आमच्या संस्थेनं बारावीची पुस्तकं दिली होती. टोपली खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “घ्या.” आत भात, नवा, अजून सुकायचा. आम्ही नको-नको म्हटलं तशी चिडली. मग घेतला, तर म्हणते, “पावती?”

आता पावतीवर काय लिहू? रोजमेळात भाताचा रकाना नसतो. शेवटी पोरांनी पायलीनं मापला, चार पायल्या भरला. वाण्याला फोन करून भाव विचारला, ‘वस्तुरूप देणगी’ असं लिहून अंदाजे किंमत टाकली. तिनं अंगठा लावायला हात पुढे केला. पावतीवर देणाऱ्याचा अंगठा लागत नाही, घेणाऱ्याची सही लागते, हे तिला पटेना. तिच्या आयुष्यात कागद म्हटला की अंगठा तिचाच लागत आला होता. पावती घडी करून तिनं कमरेच्या चंचीत ठेवली. सहा वर्षांत फाडलेल्या शेकडो पावत्यांपैकी जपून ठेवली गेलेली बहुधा हीच.

मूठमूठ जमवून मोठं काही उभारायची हौस मराठी माणसाला जुनी. अंताजी दामोदर काळ्यांनी गावोगाव हिंडून माणशी एक पैसा मागितला, टिळकांनी पाठीशी बळ दिलं, तो ‘पैसा फंड’. आणि त्या पैशांचं काय केलं? बँकेत टाकले नाहीत, देऊळही बांधलं नाही. १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना काढला आणि तिथे पोरांना काच फुंकायला शिकवलं. लोकवर्गणीची एवढी धीट गुंतवणूक आज कुणी करायची म्हटली तर पहिली चाळणीच अडवेल.

शिंपल्यांचं भांडवल

खर्च न करणं हीही एक गुंतवणूक, हे शिकायला आम्हाला लांब जावं लागत नाही. डहाणूपासून हाकेच्या अंतरावर कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, १९५७ मध्ये काम कोसबाडला नेलं. माँटेसरीची साधनं महाग. यांनी शिंपले, चिंचोके, बिया, पानं, काड्या गोळा केल्या आणि त्यावर मोजायला, जुळवायला शिकवलं. पोरं शाळेत येईनात तर शाळा अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं चारायला गेलेली तिथेही येईनात तर शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा.

हिशेबाच्या डोळ्यांनी बघितलं तर इमारतीवरचा खर्च शून्य, साधनांवरचा जवळजवळ शून्य, सगळा पैसा माणसावर. आजच्या दात्याला नेमका इथेच खर्च नको असतो. “माझे पैसे पगारात नका घालू हं,” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची नोंद ठेवली असती तर वेगळी वही लागली असती. वह्या द्यायच्या, पण शिकवणाऱ्या ताईला एसटीचं भाडं द्यायचं नाही.

दिल्लीचं खातं, न्यू जर्सीचे भाऊ

परदेशातून देणगी हवी तर संस्थेला खातं काढावं लागतं ते थेट दिल्लीत, स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेत. संस्था उधव्यात असो की झाईच्या किनाऱ्यावर, २०२० च्या दुरुस्तीपासून सगळ्यांचा परदेशी पैसा आधी तिथेच उतरतो. व्यवस्थापनावरचा खर्चही तेव्हापासून जास्तीत जास्त २० टक्के, आधी ५० चालत होता.

त्यातली खरी मेख पासपोर्टात आहे. दोन सख्खे भाऊ न्यू जर्सीत एका गल्लीत राहतात. थोरल्यानं भारतीय पासपोर्ट ठेवलाय, धाकट्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय. थोरल्यानं आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे देशी, धाकट्याचे विदेशी, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी. दिवाळीचा फराळ दोघांकडे एकाच पार्सलातून येतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन काढलं ते सगळ्यांचं दान एका वाटेनं इकडे यावं म्हणून. इथल्या कार्यकर्त्यांना ते नाव पुरस्कारांमुळे जास्त माहीत.

मेलेल्या माणसाची सही

एवढं सगळं करून पैसा मुदत ठेवीत गेला की निर्धास्त झोपायचं? २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येत होते. व्यक्ती असो की संस्था, सगळे एका रांगेत. त्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ठेवींवरचं विमा संरक्षण १ लाखावरून ५ लाख झालं. पण ते प्रत्येक बँकेमागे एकच. एका बँकेत पाच पावत्या केल्या म्हणून पाच पट मिळत नाही. आमच्या ऑडिटरनं हे सांगितल्यावर आम्ही ठेवी तीन बँकांत वाटल्या आणि तिन्ही बँकांच्या केवायसीत अडकलो.

कारण विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत ‘चेंज रिपोर्ट’ द्यायचा असतो. तो मंजूर व्हायला किती दिवस लागतात ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. आमचे आधीचे खजिनदार वारले. चेंज रिपोर्ट दाखल होता, मंजुरी यायची होती. एका बँकेनं सांगितलं, “मंजुरी येईपर्यंत जुनीच सही चालेल.” मी म्हटलं, “साहेब, ते गेले.” साहेबांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, “सिस्टिमला ॲक्टिव्ह आहेत.” पुढचे नऊ महिने आमची ठेव एका दिवंगत माणसाच्या नावे आपोआप नूतनीकरण होत राहिली. व्याजही चांगलं मिळालं.

जे ताळेबंदात नाही

वारली चित्रकलेचं भौगोलिक मानांकन आदिवासी युवा सेवा संघ या इथल्याच तरुणांच्या संस्थेच्या नावावर आहे. जगभर कपांवर, पडद्यांवर, विमानतळांच्या भिंतींवर जी पांढरी माणसं फेर धरतात, त्यांच्या नावाचा हक्क डहाणूकडे. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रेषांसाठी. अशा मालमत्तेवर व्याज कुठल्या बँकेचं धरायचं? ताळेबंदात तिला रकाना नाही.

आमच्याकडे जे रकान्यात बसत होतं ते जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉकात. कपाट एक, खुर्च्या सहा, सतरंज्या दोन, फळा एक, तारपा एक. तारपा कुणा पोराच्या आज्यानं दुधी पोखरून बनवून दिलेला. घसारा जाऊन जाऊन किंमत ४१ रुपयांवर आली होती.

ऑडिटर नवा होता, मुंबईचा. डेडस्टॉकवर बोट ठेवत खाली आला. खुर्च्या मोजल्या, सतरंज्या उलगडून बघितल्या. मग थांबला.

“हे तारपा काय आहे? आहे का प्रत्यक्ष?”

आमचा पोऱ्या आत गेला, खुंटीवरून काढून घेऊन आला आणि त्याच्या टेबलासमोर उभा राहून गाल फुगवून वाजवायलाच लागला. बाहेर पडवीत फॉर्म भरत बसलेल्या दोन पोरी उठून एकमेकींच्या कमरेत हात घालून उभ्या राहिल्या. ऑडिटरनं पेनाचं टोपण काढलं, तारप्यापुढे बरोबरची खूण केली आणि म्हणाला, “पुढचं, फळा.”